अमेरिकेच्या प्रजासत्ताकाची पहिली वर्षे: कर्ज, जमीन आणि राज्यकारभार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आपल्याकडे शाळेतच सांगून होते. बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा, १७७६ चा जाहीरनामा आणि जॉर्ज वॉशिंग्टन एवढे बहुतेकांना आठवते. युद्ध संपल्यावर तेरा भांडखोर राज्यांचे एक सरकार कसे उभे राहिले, हा भाग मात्र राहून जातो. विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसले, तरी बहुतेकांची मुळे शोधत गेले की आपण दोनच गोष्टींपाशी पोचतो: फेडायचे राहिलेले कर्ज आणि वाटायची राहिलेली जमीन.

स्वातंत्र्य १७७६ मध्ये जाहीर झाले, मग पहिले राष्ट्राध्यक्ष १७८९ मध्ये कसे?

१७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले, पण ब्रिटनने ते मान्य केले ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात. या काळातला कारभार एका सैलशा करारनाम्यावर चालत होता. मेरिलँड या शेवटच्या राज्याने मार्च १७८१ मध्ये त्याला संमती दिली आणि तो अमलात आला. या व्यवस्थेत काँग्रेस नावाची एकच सभा होती. राष्ट्राध्यक्ष नव्हता आणि राष्ट्रीय न्यायव्यवस्थाही नव्हती. राज्य लहान असो वा मोठे, त्याला एकच मत होते. युद्ध, तह किंवा पैसा यांसंबंधीच्या निर्णयाला तेरापैकी नऊ राज्यांची आणि करारनाम्यात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागत असे. काँग्रेसच्या बैठकीचे अध्यक्षपद भूषवणारे जॉन हॅन्सन हेच ‘खरे पहिले राष्ट्राध्यक्ष’ होते असे सांगणारे संदेश अधूनमधून फिरत असतात. ते चुकीचे आहेत, कारण हॅन्सन सभा चालवत होते, देशाचा कारभार त्यांच्या हाती नव्हता.

ती जुनी व्यवस्था नेमकी कशामुळे कोसळली?

पैशामुळे. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे वर्गणी मागायची आणि राज्यांनी जमेल तेवढी, बहुधा फारच थोडी, द्यायची असा प्रकार होता. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८१ मध्ये पुढे आला आणि एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिल्यामुळे बारगळला. दोन वर्षांनी पुन्हा प्रयत्न झाला, तो न्यूयॉर्कने अडवला. फ्रान्स आणि हॉलंडचे कर्ज डोक्यावर होते आणि ज्या सैनिकांनी युद्ध जिंकून दिले त्यांच्या हातात पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या होत्या.

याचा स्फोट पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. तिथल्या राज्य सरकारने युद्धकर्ज फेडण्यासाठी रोख नाण्यांत कर मागायला सुरुवात केली, पण खेड्यांत नाणे मिळत नव्हते. कर आणि कर्ज थकले की न्यायालयाचा हुकूम निघे आणि गुरे नाहीतर जमीन जप्त होई. १७८६ च्या शरद ऋतूत नॉर्थॅम्प्टन आणि वूस्टर येथे शेतकऱ्यांचे जमाव न्यायालयांच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी कामकाज बंद पाडले. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज हा याच युद्धात कॅप्टन म्हणून लढलेला माणूस होता. जानेवारी १७८७ मध्ये हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा तोफा डागण्यात आल्या आणि चौघे ठार झाले. हे बंड मोडायला जी फौज निघाली तिचा खर्च बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून केला, कारण राष्ट्रीय सरकारपाशी पैसाही नव्हता आणि फौजही नव्हती. ही गोष्ट देशभरातल्या मालमत्ताधारकांच्या मनात फार खोल गेली.

मग फिलाडेल्फियात १७८७ मध्ये काय ठरले?

मे ते सप्टेंबर १७८७ या चार महिन्यांत बारा राज्यांचे पंचावन्न प्रतिनिधी तिथे येऊन गेले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. जुन्या करारनाम्यात दुरुस्ती करणे एवढेच काम त्यांना दिलेले होते. त्यांनी ते बाजूला ठेवून, दारे बंद करून आणि गुप्ततेची शपथ पाळून, नवी राज्यघटनाच लिहायला घेतली.

सर्वांत मोठा वाद मोठ्या आणि छोट्या राज्यांचा होता. व्हर्जिनियाला लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या आणि डेलावेअरला प्रत्येक राज्याला समान मत हवे होते. १६ जुलैला तडजोड झाली: प्रतिनिधिगृह लोकसंख्येप्रमाणे आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि गोव्याची एक, हे ध्यानात घेतले म्हणजे सिनेटची रचना किती वेगळी आहे ते कळते. नव्या सरकारला कर बसवण्याचा, कर्ज काढण्याचा, सैन्य ठेवण्याचा आणि राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार मिळाला. शेवटी एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. हजर असलेल्या तिघांनी, म्हणजे मेसन, रँडॉल्फ आणि गेरी यांनी, सही करायला नकार दिला.

‘तीन-पंचमांश’ तरतूद म्हणजे काय? गुलामाला माणसाचा तीन-पंचमांश भाग मानले होते का?

या तरतुदीचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार, तर गुलामांना त्या लोकसंख्येत धरायचे की नाही, हा वाद होता. त्यांना पूर्ण धरावे, असा आग्रह गुलामांच्या मालकांचाच होता, कारण जितकी डोकी जास्त तितक्या जागा जास्त, आणि ज्यांची डोकी मोजायची त्यांना मताचा अधिकार तर नव्हताच. उत्तरेकडच्या अनेकांना त्यांना मोजायचेच नव्हते. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, या हिशोबावर अखेर तडजोड झाली.

या हिशोबाचा परिणाम पाहायचा तर व्हर्जिनियाचे आकडे पुरेसे आहेत. १७९० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे ७ लाख ४७ हजार ६०० होती आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ९२ हजार ६०० माणसे गुलाम होती. दर ३३,००० लोकांमागे एक जागा आणि अपूर्णांक सोडून द्यायचा, असा १७९२ चा नियम होता. केवळ स्वतंत्र माणसे मोजली असती, तर व्हर्जिनियाला १३ जागा मिळाल्या असत्या. तीन-पंचमांश गुलाम धरल्यामुळे १९ मिळाल्या. या सहा जादा जागा ज्यांच्या जिवावर आल्या ते लोक तंबाखूच्या शेतांत राबत होते, आणि त्यांच्या नावावर निवडून आलेले सदस्य त्यांच्याच दास्याचे रक्षण करीत होते. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्याही याच जागांवरून ठरत असल्यामुळे हा फायदा तिथपर्यंत पोचला.

मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. तरीही पळालेला गुलाम मालकाला परत देण्याची सक्ती तिच्यात आहे आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नाही, हेही आहे. हा शब्द टाळणे ही लिहिणाऱ्यांच्या मनातल्या अस्वस्थतेची खूण आहे असे मला वाटते. पण त्या अस्वस्थतेने एकाही माणसाची बेडी तुटली नाही.

राज्यांनी नवी घटना सहज मान्य केली का?

नाही. नऊ राज्यांची मान्यता पुरेशी होती आणि न्यू हॅम्पशायरने २१ जून १७८८ रोजी तो आकडा गाठून दिला. पण व्हर्जिनियात ठराव ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा मतांनी कसाबसा तरला. ऱ्होड आयलंड तर मे १७९० मध्ये आत आले, तेही ३४ विरुद्ध ३२ मतांनी. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही, हा विरोधकांचा मोठा आक्षेप होता. त्यातूनच पहिल्या दहा घटनादुरुस्त्या झाल्या आणि त्या १५ डिसेंबर १७९१ पासून लागू झाल्या.

नवे सरकार सुरू झाले तेव्हा त्याच्या हाती काय होते?

कर्जाशिवाय फारसे काही नव्हते. ४ मार्च १७८९ ला काँग्रेस भरायची होती, पण दोन्ही सभागृहांची गणसंख्या पूर्ण व्हायला ६ एप्रिल उजाडला. ३० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली. त्यांना काय म्हणून संबोधायचे यावर सिनेटमध्ये बरेच दिवस खल झाला आणि राजेशाही थाटाच्या पदव्या बाजूला पडून साधे ‘मिस्टर प्रेसिडेंट’ उरले.

पहिल्या महत्त्वाच्या कायद्यांपैकी एक जकातीचा होता आणि त्यावर ४ जुलै १७८९ रोजी सही झाली. त्यानंतर बरीच वर्षे बंदरांतल्या जकात नाक्यांवरच या सरकारचा मुख्य संसार चालला. परराष्ट्र, युद्ध आणि कोषागार अशी तीन खाती त्याच वर्षी झाली. सप्टेंबरच्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयात एक सरन्यायाधीश आणि पाच न्यायाधीश नेमण्याचे ठरले. १७९० मध्ये पहिली जनगणना झाली आणि तीत ३९,२९,२१४ लोक मोजले गेले. त्यांपैकी सुमारे सात लाख गुलाम होते.

हॅमिल्टन यांची कर्जयोजना एवढी वादग्रस्त का ठरली?

कारण कर्ज फेडायचे म्हटले की पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न येतोच. कोषागारमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९० मध्ये अहवाल मांडला: जुने सर्व रोखे दर्शनी किमतीला मान्य करावेत आणि राज्यांची युद्धकर्जेही केंद्राने आपल्या शिरावर घ्यावीत. यात अडचण अशी होती की गरजेपोटी अनेक सैनिकांनी आपल्या वचनचिठ्ठ्या मिळेल त्या भावाला कधीच विकून टाकल्या होत्या. योजनेची कुणकुण लागताच शहरी सटोडियांनी आपली माणसे पाठवून दूरदूरच्या गावांतून उरलेल्या चिठ्ठ्याही गोळा केल्या. मूळ धारक आणि सध्याचा धारक यांच्यात रक्कम विभागावी, असे प्रतिनिधिगृहातले व्हर्जिनियाचे सदस्य जेम्स मॅडिसन यांनी सुचवले. प्रतिनिधिगृहाने ते ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले. ज्याच्या हातात कागद त्याचा पैसा, हे तत्त्व बाजारात पत निर्माण करायला आवश्यक होते, हा हॅमिल्टन यांचा युक्तिवाद व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होता. पण रणांगणावर पाय गमावून आलेल्या माणसाच्या पदरी त्यातले काही पडले नाही, हेही तितकेच खरे आहे.

राज्यांच्या कर्जाचा भाग तर आणखी अडला, कारण आपले बरेचसे कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला इतरांचा भार नको होता. जून १७९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या बिऱ्हाडी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला आले आणि तिथे सौदा ठरला. दक्षिणेने कर्जाला वाट करून द्यायची आणि त्या बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची. मधली दहा वर्षे राजधानी फिलाडेल्फियात राहिली आणि १८०० मध्ये सरकार वॉशिंग्टन शहरात गेले. दलदल आणि अर्धवट इमारतींच्या त्या गावाचा पाया असा एका कर्जाच्या वाटाघाटीत घातला गेला.

दारूवरच्या करासाठी सैन्य का पाठवावे लागले?

कर्जाचे व्याज भरायला नुसती जकात पुरेना, म्हणून १७९१ मध्ये देशी मद्यावर कर बसला. ॲलेगेनी डोंगरांपलीकडच्या शेतकऱ्याला धान्य घाटावरून नेणे परवडत नसे. तेच धान्य गाळून व्हिस्की केली की घोड्याच्या पाठीवर दोन पिंप लादून बाजार गाठता येई, शिवाय नाण्यांच्या टंचाईत व्हिस्की चलनासारखी वापरली जाई. म्हणजे शहरातल्या माणसाला जो चैनीवरचा कर वाटत होता तो या शेतकऱ्याच्या लेखी त्याच्या एकुलत्या एका नगदी मालावरचा कर होता. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात एका कर अधिकाऱ्याचे घर जाळले गेले, तेव्हा वॉशिंग्टन यांनी सुमारे तेरा हजारांची फौज उभी केली आणि काही अंतर ते स्वतः तिच्याबरोबर गेले. फौज पोचेपर्यंत बंडखोर पांगले होते. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली आणि वॉशिंग्टन यांनी दोघांनाही माफी दिली. शेजच्या बंडाच्या वेळी वर्गणीवर फौज उभारावी लागलेल्या देशाने सात वर्षांत एवढी मजल मारली होती.

पश्चिमेकडच्या जमिनीचे काय झाले?

माझ्या मते या काळातले सर्वांत दूरगामी काम हेच होय. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडची जमीन मोजून विकायचे ठरले. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौकोन, त्याचे प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ भाग, त्यांतला सोळावा भाग शाळेसाठी राखीव, आणि किंमत एकरी किमान एक डॉलर. मोजणीला साखळी असे ती ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट असतो, म्हणजे ही लांबी त्याच्या बरोबर दुप्पट. इंग्रजी मोजणीच्या एकाच कुळातली ही मापे आहेत. अशा ऐंशी साखळ्या झाल्या की मैल भरे. सप्टेंबर १७८५ मध्ये मोजणीदार ओहायोच्या उत्तर काठावर उतरले आणि घनदाट जंगलातून सरळ रेषेत साखळी टाकत, कोपऱ्यावरच्या झाडांच्या सालीवर खुणा कोरत पुढे सरकू लागले. विमानातून आजही तिथे चौकटी-चौकटींची शेते दिसतात.

जुलै १७८७ च्या दुसऱ्या कायद्याने या प्रदेशाच्या राज्यकारभाराची पायरी ठरवली. आधी केंद्राने नेमलेला गव्हर्नर, पाच हजार प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की स्थानिक विधिमंडळ, आणि साठ हजार वस्ती झाली की मूळ तेरांच्या बरोबरीचे पूर्ण राज्य. आपल्याच वसाहतींना कायम वसाहत ठेवायचे नाही, हे तत्त्व त्या काळच्या कोणत्याही युरोपीय सत्तेला सुचले नव्हते. शिवाय या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती. ओहायो १८०३ मध्ये राज्य झाले. तिथली वस्ती १८०० मध्ये सुमारे ४५ हजार होती, ती दहा वर्षांत २ लाख ३० हजारांवर गेली.

पण ती जमीन मोकळी होती का?

मुळीच नाही. मियामी, शॉनी, डेलावेअर आणि इतर मूळ निवासी राष्ट्रांची गावे, मक्याची शेते आणि शिकारीची राने तिथे होती. पॅरिसच्या तहात ब्रिटनने हा प्रदेश अमेरिकेला लिहून दिला, तेव्हा यांच्यापैकी कोणालाही विचारलेले नव्हते. यांच्याशी सदैव अत्यंत सचोटीने वागले जाईल आणि संमतीविना त्यांची जमीन घेतली जाणार नाही, असे १७८७ चाच कायदा म्हणतो, आणि त्याच कायद्यात त्या जमिनीवरच्या भावी राज्यांच्या सीमा आखलेल्या आहेत. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालील योद्ध्यांनी जनरल सेंट क्लेअर यांच्या छावणीवर हल्ला केला. त्यात अमेरिकेचे सहाशेहून अधिक सैनिक पडले. मूळ निवासींकडून अमेरिकी सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा कधी झाला नाही. मात्र १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईने पारडे फिरले आणि पुढच्या वर्षीच्या ग्रीनव्हिल तहात आजच्या ओहायोचा बहुतांश भाग त्यांच्या हातून गेला.

मतदान कोणाला करता येई?

हे प्रत्येक राज्य ठरवत असे, आणि बहुतेक ठिकाणी मालमत्ता असलेल्या किंवा कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांनाच मत होते. न्यू जर्सी हा उल्लेखनीय अपवाद आहे. तिथे पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा मतदान करीत, आणि तो हक्क १८०७ मध्ये काढून घेण्यात आला.

१८०० च्या निवडणुकीला एवढे महत्त्व का?

घटनेत पक्षांचा विचारच नव्हता, पण दहा वर्षांत हॅमिल्टन यांच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसन यांच्या बाजूचे रिपब्लिकन असे दोन तट पडले. फेडरलिस्टांनी १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा केला. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन त्या कायद्याखाली कोठडीत असतानाच पुन्हा निवडून आले. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांचेच सहउमेदवार एरन बर या दोघांना निर्वाचकांची ७३-७३ मते पडली. कोंडी प्रतिनिधिगृहात गेली आणि फेब्रुवारी १८०१ मध्ये छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आले. हरलेल्या पक्षाने सत्ता शांतपणे सोडली. मात्र पराभूत झालेले तेव्हाचे फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांना ६५ मते होती, आणि गुलामांमुळे मिळालेली जादा निर्वाचक मते वजा केली असती, तर निकाल उलटा लागला असता, असा अनेक इतिहासकारांचा हिशोब आहे.

लुईझियाना कोणी, कशी आणि कशासाठी विकली?

पश्चिमेकडच्या शेतकऱ्याचा माल मिसिसिपी नदीने न्यू ऑर्लिन्सला जात असे आणि ते बंदर नेपोलियनच्या हाती जाणार, म्हणून अमेरिकेला ते विकत हवे होते. दरम्यान हैतीतल्या गुलामांनी बंड करून फ्रेंच फौजेची वाताहत केली होती. अमेरिका खंडात साम्राज्य उभारण्याचा नेपोलियनचा बेत त्यामुळे फसला आणि त्याने न्यू ऑर्लिन्ससह मिसिसिपीच्या पश्चिमेकडचा लुईझियाना नावाचा सगळाच प्रदेश विकायला काढला. ३० एप्रिल १८०३ च्या तहाने सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल प्रदेश दीड कोटी डॉलरना मिळाला. एकरी तीन सेंटच्या आसपास भाव पडला.

अशी खरेदी करण्याचा अधिकार घटनेत नाही, असे खुद्द जेफरसन यांना वाटत होते, तरी त्यांनी ती केली. तिची बहुतेक रक्कम सरकारी रोख्यांनी चुकती झाली. सरकारची जी पत उभी करण्यासाठी हॅमिल्टन यांनी टीका सोसली तीच त्यांच्या कट्टर विरोधकाच्या कामी आली. फ्रान्सने विकला तो कागदावरचा हक्क. जमिनीवर ओसेज, मँडन, सू आणि इतर राष्ट्रे राहत होती, आणि त्यांच्याशी व्यवहार अजून व्हायचा होता.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आला का?

थोडा, पण खरा. अमेरिकेच्या वतीने जॉन जे यांनी १७९४ मध्ये ब्रिटनशी केलेल्या तहाने अमेरिकी जहाजांना भारतातल्या ब्रिटिश बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकी मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात पुन्हा युद्ध पेटलेले होते आणि ब्रिटिश सरकारने त्यांना निघून जायला सांगितले. पुढे राहण्याची परवानगी मिळाली आणि त्यांच्या मराठी मिशनने मुंबईत शाळा व छापखाना काढला. नंतर अहमदनगरला मिशनच्या सिंथिया फरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतिराव फुले यांनी पाहिल्या. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. फिलाडेल्फियातला तीन-पंचमांशाचा हिशोब चौदाव्या घटनादुरुस्तीने १८६८ मध्ये रद्द केला, त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती.